५ एचपीच्या थ्री फेज कंप्रेसरला डीओएल स्टार्टर लावू की स्टार-डेल्टा?

डीओएल लावा, म्हणजे मोटरला थेट पूर्ण व्होल्टेज देणारा स्टार्टर. वायरमन स्टार-डेल्टा (आधी कमी व्होल्टेजवर स्टारमध्ये सुरू करून मग पूर्ण व्होल्टेजला डेल्टात नेणारा) म्हणतोय आणि विकणारा ‘प्रेशर स्विचवरूनच चालवा, स्टार्टर कशाला’ म्हणतोय, असं तुम्ही लिहिलंय. मी मोटर रिवाइंडिंग करतो. स्टार्टर चुकला की मोटर शेवटी माझ्या टेबलावर येते, म्हणून थोडं सविस्तर सांगतो.

५ एचपी म्हणजे ३.७ किलोवॅट. ४१५ व्होल्टला पूर्ण लोडवर अशी मोटर साधारण साडेसात अँपिअर घेते आणि थेट लाइनवर सुरू होताना क्षणभर त्याच्या सहा-सात पट ओढते. पन्नास अँपिअर ऐकलं की कुणीही स्टार-डेल्टा सुचवणारच. स्टारमध्ये लाइनचा करंट एक तृतीयांश होतो हे खरं, पण टॉर्कसुद्धा एक तृतीयांशच उरतो. सेंट्रिफ्यूगल पंपाला ते चालतं, कारण वेग वाढेल तसा त्याचा भार वाढतो. पिस्टनच्या कंप्रेसरचं तसं नाही. हेडमध्ये जुना दाब अडकलेला असेल तर पहिल्या फेऱ्यापासूनच त्याला जोर लागतो. मग मोटर स्टारमध्ये नुसती घुमत राहते, वेग धरत नाही आणि डेल्टाला गेली की जो झटका टाळायचा होता तोच बसतो.

म्हणून स्टार्टर घेण्याआधी अनलोडर, म्हणजे कंप्रेसर थांबल्यावर हेडमधला दाब सोडणारा व्हॉल्व्ह, तपासा. टाकी भरून कंप्रेसर बंद झाला की प्रेशर स्विचपाशी दोन-तीन सेकंद ‘फुस्स’ असा आवाज यायला हवा. हेडमधली आणि नळीतली हवा सुटल्याचा तो आवाज. आवाज आलाच नाही तर अनलोडर अडकलाय. हवा सुटतच राहिली तर टाकीच्या तोंडाचा नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह गळतोय. हे दोन्ही ठीक असतील तर ५ एचपीचा कंप्रेसर डीओएलवर काही सेकंदांत वेग धरतो.

आता प्रेशर स्विच. त्यातून मोटरचा करंट नेऊ नका. दिवसभर चालू-बंद होऊन त्याचे पॉइंट काळे पडतात आणि एक पॉइंट जोडलाच गेला नाही की मोटर दोन फेजवर. प्रेशर स्विचनं फक्त कॉन्टॅक्टरच्या (स्टार्टरमधला, कॉइलनं ओढला जाणारा मोटरचा स्विच) कॉइलची वायर तोडायची, जोडायची. इथे एक गोष्ट दुकानात सहसा कुणी सांगत नाही: पंपासाठी मिळणारा तयार स्टार्टर हिरव्या बटणावर धरून राहतो. त्याच्या कॉइलला प्रेशर स्विच नुसता जोडला तर दाब उतरल्यावर दर वेळी बटण दाबायला जावं लागेल. वायरमनला ‘ऑटो-बंद’ सिलेक्टर टाकायला सांगा आणि कॉइलच्या लाइनमध्ये ऑन-डिले टायमर घाला, म्हणजे लाइट गेली-आली तर मोटर लगेच उचलणार नाही. सहाला चालू, आठला बंद असा दोन बारचा फरक ठेवा. फरक कमी ठेवला की मोटर सारखी सुरू होते आणि दर सुरुवातीला वाइंडिंग तापतं.

कॉन्टॅक्टरवर दोन रेटिंग असतात. मोठा आकडा एसी-१चा, तो हीटरसारख्या भारासाठी. मोटरसाठी एसी-३चा आकडा बघा आणि १२ अँपिअरचा घ्या. ओव्हरलोड रिले (करंट जास्त झाला की मोटर बंद करणारा) ६ ते १० अँपिअरचा घेऊन नेमप्लेटच्या आकड्यावर लावा. ट्रिप होतो म्हणून वर सरकवू नका. उद्या मोठ्या मोटरला स्टार-डेल्टा लावलाच, तर रिले वाइंडिंगच्या वाटेत असतो. तिथे नेमप्लेटच्या ०.५८ पटीवर लावायचा. तो पूर्ण आकड्यावर ठेवलेला मी कितीतरी पॅनेलमध्ये पाहिलाय. तसा ठेवला तर मोटर तापली तरी रिलेला पत्ताच लागत नाही.

सर्वांत जास्त मोटरी जळताना पाहतो त्या एक फेज गेल्यामुळे. तुमची मोटर बहुधा डेल्टाची असेल. अशी मोटर उघडली की एक तृतीयांश कॉइल कोळसा झालेल्या आणि बाकीच्या पिवळ्याधमक दिसतात. गिऱ्हाईक म्हणतं ‘वायर खराब होती’, पण ती खूण सिंगल फेजिंगची असते. त्यासाठी प्रिव्हेंटर, म्हणजे एक फेज गेली की मोटर बंद करणारं उपकरण, लावा, आणि करंट पाहणारा लावा. नुसता व्होल्टेज पाहणारा फसू शकतो, कारण फिरती मोटर तुटलेल्या फेजवरही व्होल्टेज दाखवते, आणि त्याच्या पुढे वायर सुटली तर त्याला ते दिसतच नाही.

व्हीएफडीच्या (मोटरचा वेग कमी-जास्त करणारा ड्राइव्ह) मागे लागू नका. छोट्या कंप्रेसरमध्ये तेल उडवून वंगण होतं, वेग फार कमी केला तर ते वर पोचत नाही.

आणि रिलेचं रिसेट ‘मॅन्युअल’वरच ठेवा. ‘ऑटो’वर असेल तर ट्रिप झालेली मोटर रिले थंड झाल्यावर आपोआप सुरू होते, आणि त्या वेळी का बंद पडली हे बघायला कुणाचा तरी हात पट्ट्यावर असतो. पट्ट्याची जाळी काढण्याआधी मेन स्विच पाडायचा, हे गॅरेजमधल्या पोरांनाही सांगून ठेवा.