आमच्या कॉलेजात क्लीनरूम (चिप बनवायची धूळमुक्त प्रयोगशाळा) नाही. पीएचडीसाठी बायोसेन्सरची चिप आयआयटी मुंबईत बनवता येईल का?

हो, येईल, आणि त्यासाठी तिथे प्रवेश घ्यावा लागत नाही. केंद्राच्या इलेक्ट्रॉनिक्स मंत्रालयाच्या 'इनअप' (INUP, इंडियन नॅनोइलेक्ट्रॉनिक्स युजर्स प्रोग्रॅम) योजनेतून बाहेरचे संशोधक आयआयटी मुंबई, बंगळूरची आयआयएससी वगैरे ठिकाणची यंत्रं वापरतात. मीही याच वाटेने गेलो: आधी कार्यशाळा, मग प्रत्यक्ष प्रशिक्षण, मग प्रस्ताव. फक्त एक, इलेक्ट्रोड सोन्याचे असतील (बायोसेन्सरमध्ये बहुतेकदा असतातच) तर ते प्रस्तावात ठळक लिहा. तापलेल्या सिलिकॉनमध्ये सोनं झपाट्याने पसरतं आणि ट्रान्झिस्टर बिघडवतं, म्हणून सोनं लागलेला वेफर (ज्यावर चिप बनते ती सिलिकॉनची चकती) स्वच्छ भट्टीत घालू देत नाहीत. सिलिकॉनवरचा ऑक्साइडचा थर याच भट्टीत वाढवतात, म्हणून तो आधी वाढवून घ्या, सोनं नंतर. हा क्रम चुकला की नवा वेफर घेऊन पुन्हा रांगेत.