पिकअपच्या टपाला आतून उष्णता अडवणारा थर आणि अस्तर कसं लावावं?

गाडी भुसावळची, हौद्यावर पत्र्याचं बंद टप, तोरणमाळला त्यात मुक्काम करायचा आणि त्यासाठी आतून थर्माकोल लावून वर प्लाय ठोकायचा, असं तुम्ही लिहिलंय. थर्माकोल नकोच. हादऱ्यांनी त्याचा भुगा होतो, आणि सुतारांचं रबरी सोल्युशन लागलं की तो चक्क विरघळतो.

एसीच्या डक्टवर गुंडाळतात ते काळं नायट्राइल रबर घ्या. डक्टिंगवाल्यांकडे मिळतं, टपाच्या गोलाईवर नीट वळतं. छताला २५ मिमी, बाजूंना १३ मिमी पुरे. मे महिन्यात आपल्याकडे पारा ४५ ला टेकतो तेव्हा खरा मार वरून असतो, म्हणून पैसा छतावर घाला. पत्रा घासून, पुसून, मध्ये पोकळी न ठेवता चिकटवा. दारं उघडी ठेवा, सोल्युशनची वाफ डोक्यात जाते आणि पेटतेही.

पोकळी का नको, तर थंडीत दोन माणसं बंद टपात झोपली की श्वासाची वाफ गार पत्र्यावर पाणी होऊन बसते. तोरणमाळ हजार मीटरच्या वर आहे, तिथे पहाटे हे होणारच. नायट्राइलची छिद्रं बंद असतात, त्यामुळे वाफ पत्र्यापर्यंत पोचत नाही. ग्लासवूल मात्र पाणी धरून ठेवतं आणि आतून पत्रा सडतो. चंदेरी फॉइल तिच्यासमोर हवेची फट असेल तरच ऊन परतवते. पत्रा आणि रबराच्या मध्ये दाबलेली फॉइल म्हणजे नुसती शोभा, दुकानदार काहीही म्हणो.

अस्तराला सगळे प्लाय सुचवतील. बाजूंना ४ मिमी ठीक आहे, पण छताला कशाला ते वजन? जळगावची प्लॅस्टिकची चटई घ्या. हलकी असते, कुजत नाही, ओल्या फडक्याने पुसता येते. टपाच्या आतल्या फासळ्यांना लाकडी पट्ट्या स्क्रूने बसवा आणि चटई ताणून त्यांवर स्टेपल करा. स्क्रू बाहेरच्या पत्र्यातून आरपार गेला तर पावसाळ्यात तिथूनच गळेल. दिव्याच्या वायरी अस्तराआधी ओढून घ्या. रबर, चटई दोन्ही जळतात, तेव्हा भरिताची वांगी बाहेरच भाजा.

एवढं करूनही दिवसभर उन्हात उभी राहिलेली गाडी तापणारच. थर उष्णता आत यायला उशीर लावतो, तसाच रात्री ती बाहेर जायलाही लावतो. म्हणून समोरासमोर दोन जाळीच्या खिडक्या हव्यातच, जमलं तर छताला झडपही. आणि टपाला बाहेरून पांढरा रंग मारा. या सगळ्यात स्वस्त तोच, त्यामुळे आधी तो मारून बघा आणि मग रबर किती जाड घ्यायचं ते ठरवा.