आधी खोका काढ

प्रिय मुली,

अनेक आशीर्वाद.

तुझ्या व्ही ब्लॉकच्या (वर व्ही आकाराची खाच असलेल्या ठोकळ्याच्या) आयसोमेट्रिक चित्राचा, म्हणजे तीन बाजू एकाच चित्रात दाखवतात त्याचा, फोटो पाहिला. खाचेच्या दोन्ही रेघा 45 अंशांच्या सेट स्क्वेअरने काढल्या होत्यास, दोन्ही 28 मिलिमीटर घेतल्या होत्यास, आणि त्या खाली एकमेकींना भेटल्याच नाहीत. मग चिडून शीट फाडलीस. फाडायची घाई केलीस गं, चूक छान दिसत होती त्यात!

"आयसोमेट्रिक व्ह्यूमध्ये मापं खरी घ्यायची असं सरांनीच सांगितलंय," हे तुझं म्हणणं. सर बरोबर आहेत, तू अर्धंच ऐकलंस. मापं खरी घ्यायची ती तीनच दिशांना: एक सरळ उभी, आणि दोन आडव्या रेषेशी 30 अंश करून उजवी-डावीकडे जाणाऱ्या. या तिघींखेरीज कुठल्याही तिरप्या रेघेवर पट्टी ठेवायची नाही, तिथे कोनमापकही लावायचा नाही. तिरप्या रेघेची फक्त दोन टोकं शोधायची आणि जोडून मोकळं व्हायचं.

तुझीच खाच घे. वर 40 रुंद, 20 खोल. वरच्या कडेवर 40 च्या अंतराने दोन बिंदू घे. त्यांच्या मध्यापासून, म्हणजे 20 वरून, सरळ खाली 20 उतर. तो खाचेचा तळ. आता दोन्ही टोकं तळाशी जोड आणि मोज. एक रेघ 20 ची भरेल, दुसरी साधारण 34.6 ची. प्रत्यक्षात दोन्ही 28.3 च्या, एकसारख्या! त्यांच्यातला कोन मात्र 90 च दिसेल. त्यावर जाऊ नकोस. समभुज चौकोनाचे कर्ण काटकोनात छेदतात म्हणून इथे तसं जमून आलं. खाच 60 अंशांची असती तर कोनही बदलला असता.

माझ्या पहिल्या नोकरीत मी तिरप्या टेकूचा ब्रॅकेट असाच हातानं काढून दिला होता. टेकूची लांबी लिहायला विसरलो. वेल्डरने कागदावरची रेघ मोजली आणि तेवढी पट्टी कापली. पट्टी वाया गेली, बोलणी मी खाल्ली. तेव्हापासून तिरप्या रेघेपाशी खऱ्या लांबीचा आकडा लिहिल्याशिवाय कागद हातातून सोडत नाही.

आयसोमेट्रिक चित्राची ही पद्धत मुळात यंत्रांची जुळणी करणाऱ्यांसाठीच रूढ झाली. केंब्रिजचे विल्यम फॅरिश व्याख्यानात यंत्रांची मॉडेल दाखवत. ती सुट्या भागांतून पुन्हापुन्हा जोडावी लागत, आणि काय कुठे बसतं हे मदतनिसांना दाखवायला त्यांना असं चित्र हवं होतं. 1822 मध्ये त्यांनी त्यावर निबंध लिहिला. आजही रिफायनरीत पाइप फिटरच्या हातात "आयसो" (पाइपांचं आयसोमेट्रिक चित्र) असतो तो त्याच कामासाठी.

आता सराव. ड्राफ्टर (बोर्डावरचं आखणीचं साधन) बाजूला ठेव, चौकटीची वही घे. 7 चौकटी आडव्या आणि 4 चौकटी वर असा बिंदू घेऊन जोडलास की जवळजवळ 30 अंशांची रेघ मिळते, आणि तिची लांबी भरते 8 चौकटी. तशीच दुसरी डावीकडे, आणि त्याच कोपऱ्यातून उभी 8 चौकटींची. बाकीच्या कडा यांना समांतर काढ. घन तयार! मागच्या लपलेल्या कडा काढू नकोस. घनात मागचा कोपरा बरोब्बर पुढच्या कोपऱ्यामागे येतो, आणि उरतो नुसता षटकोन, पुढं काय नि मागं काय कळत नाही.

मग काडेपेटी: एकदा आडवी, एकदा काठावर, एकदा उभी. त्यानंतर जिन्याच्या दोन पायऱ्या. दर वेळी अख्खी वस्तू मावेल असा खोका आधी फिकट 2एच पेन्सिलीने काढ, मग त्यातून नको तो भाग काप. तुम्ही मुलं थेट वस्तूच काढायला बसता, तिथंच सगळं बिघडतं.

भोक आलं की बहुतेकांचा हात अडखळतो. आधी भोकाभोवतीचा चौरस काढ, तो तिरका होऊन समभुज चौकोन होईल. चारही बाजूंचे मध्य घे. लंबवर्तुळ त्या चार ठिकाणी बाजूंना टेकलं पाहिजे, कोपऱ्यांत घुसायचं नाही. 40 चं भोक लांबीला सुमारे 49 आणि रुंदीला 28 दिसतं. लांब अक्ष भोकाच्या आसाशी काटकोनात येतो, म्हणून वरच्या पृष्ठभागावर तो आडवाच पडतो. कंपासची चार केंद्रांची रीत वर्गात शिकवतीलच. तोवर हातानेच काढ, दहा तरी.

आणि प्रश्नात "व्ह्यू" लिहिलंय की "प्रोजेक्शन" ते नीट वाच. प्रोजेक्शन म्हटलं की आयसोमेट्रिक स्केल लागते, म्हणजे मापं आखडून घ्यायची, 100 चे साधारण 82 होतात. मार्क तिथे उगाच जातात.

रविवारी येशील तेव्हा ती फाटकी शीट सेलोटेपने चिकटवून आण. तुझ्या चुकलेल्या खाचेवरच बरोबर खाच लाल पेन्सिलीने काढू. काकूने थालीपीठ करायचं कबूल केलंय.

तुझा,
काका