लाल एल की तांबडी एल?

वेल्समधल्या कार्डिफला राहणारे एक वाचक चाखलेल्या बिअरच्या नोंदी मराठीत लिहून ठेवतात. वेल्श रेड एलपाशी ते अडले (एल हा बिअरचाच एक प्रकार). त्यांचा प्रश्न असा: ‘रेड’ला लाल म्हणायचं की तांबडी? आणि गुण देताना लागणाऱ्या ‘बिटर’, ‘बॉडी’, ‘फिनिश’ या शब्दांचं काय करायचं? ‘देह’ आणि ‘समाप्ती’ लिहून पाहिलं, पण वाचताना आपलंच आपल्याला हसू येतं, असं तेच म्हणतात.

माझं मत सरळ ‘तांबडी’ला. लाल हा शब्द फारसीकडून आलेला, तांबडा हा तांब्यावरून. शहरी बोलण्यात लालने तांबड्याला जवळपास हुसकून लावलंय, त्यामुळे तांबडा म्हणजे लालचाच गावाकडचा अवतार असं अनेकांना वाटतं. तसं नाही. सिग्नल लाल असतो, त्याला तांबडा कोणी म्हणत नाही. उलट तांबडा भोपळा बहुतेकदा नारिंगी असतो आणि तांबडी माती निम्मी तपकिरी, तरी त्यांचं तांबडेपण कोणाला खटकत नाही. तांबड्याच्या पोटात नारिंगी आणि तपकिरी दोन्ही मावतात. रेड एलचा रंग नेमका या पट्ट्यातला. ग्लास टेबलावर असताना ती चक्क तपकिरी दिसते. उचलून खिडकीच्या उजेडात धरली की कडेला, जिथे थर पातळ असतो तिथे, तांब्याची झाक येते. याला लाल म्हटलं तर वाचणाऱ्याच्या डोळ्यांपुढे रूह अफजा उभं राहील.

वेल्शमध्येही गंमत अशीच आहे. बिअरला तिथे ‘कुरू’ म्हणतात आणि लालला ‘कोख’ (यातला ख घशातून काढायचा, नुक्त्याच्या ख़सारखा). पण हा कोख आपल्या लालपेक्षा ऐसपैस. आपण जिला ब्राउन शुगर म्हणतो ती वेल्शमध्ये ‘शुगुर कोख’. तांब्याच्या चिल्लर नाण्यांनाही हेच विशेषण. म्हणजे ‘कुरू कोख’साठी तांबडी हा शब्द ओढूनताणून आणावा लागत नाही. शिवाय तांबडा लिंगाप्रमाणे बदलतो, लाल बदलत नाही. वेल्शमध्ये बदल शब्दाच्या शेवटी होत नाही, सुरुवातीला होतो: बिअर पुल्लिंगी म्हणून कोख, पण झेंड्यावरचा ड्रॅगन स्त्रीलिंगी, म्हणून तिथे ‘गोख’.

तांबडी आणि तांबूस यांत मात्र घोळ नको. तांबूस म्हणजे तांबड्याकडे झुकलेला, फिकट. पाककृतीत ‘कांदा तांबूस होईपर्यंत परता’ लिहिलेलं असतं, तो रंग. अँबर म्हणून विकल्या जाणाऱ्या बिअरला तांबूस शोभेल. एलचा रंगही भाजण्यातूनच येतो. मोड आलेले ओले जव आधी ६५-७० अंशांवर उबवतात, तेव्हा दाण्याच्या आतच स्टार्चची साखर होते. मग ते भाजले की ती साखर कॅरमलसारखी होते. हा क्रिस्टल माल्ट. त्यात अगदी थोडे काळपट भाजलेले जव घातले की तपकिरीवर तांबडी छटा चढते. जास्त पडले तर एल काळी होते. म्हणून चवीसाठीही शब्द भाजण्यातलेच घ्या: बेताचं भाजलेलं ते खमंग, थोडं पुढचं खरपूस, हाताबाहेर गेलेलं ते करपट. ‘टोस्टेड’, ‘रोस्टेड’ यांसाठी वेगळी नाणी पाडायची गरज नाही.

‘बिटर’ला सरसकट कडू लिहू नका. कडू हा औषधाचा शब्द झाला. हॉप्सची, म्हणजे बिअरमध्ये घालतात त्या फुलांची, कडवट चव हलकी असेल तर कडसर, ठसठशीत असेल तर कडवट. वेल्समधल्या न्यूपोर्टच्या टायनी रेबेल या बिअर कारखान्याची ‘कुच’ ही ४.६ टक्क्यांची वेल्श रेड एल २०१५ साली ब्रिटनची चॅम्पियन बिअर ठरली. तिच्यात कॅरमलचा गोडवा आणि लिंबूवर्गी हॉप्स एकत्र असतात. मी तिला ‘आधी गोडसर, मागून कडवट’ म्हणेन. ‘मागून’ या शब्दात तुमचं फिनिश आलं. चव टिकली तर ‘रेंगाळते’, नाही टिकली तर ‘लगेच विरते’. समाप्ती हवी कशाला?

‘बॉडी’साठी देह तर मुळीच नको. भरदार, मध्यम, पातळ, आणि पैसे वाया गेले असतील तर पाणचट. गॅस गेलेली, चव उतरलेली असेल तर मिळमिळीत. ‘आंबूस’ जपून वापरा: एलच्या नोंदीत तो दोष समजला जाईल, आणि बहुतेक वेळा असतोही.

गुणांबद्दल एक सांगतो. बीजेसीपी या बिअर परीक्षकांच्या अमेरिकी संस्थेच्या परीक्षण-पत्रिकेत ५० पैकी २० गुण चवीला, १२ वासाला, १० एकूण परिणामाला, ५ तोंडात कशी लागते याला, आणि दिसण्याला फक्त ३. त्या तिनातच रंग, फेस, निवळपणा सगळं. तेव्हा आपण ज्यावर एवढा काथ्याकूट केला त्या तांबडेपणाच्या वाट्याला फार तर एखादा गुण. ‘रेटिंग’ला मानांकन लिहिलं की सरकारी शिक्का बसल्यासारखं वाटतं, ‘५० पैकी ३६’ पुरे.

तर नोंद अशी होईल: ‘तांबडी, निवळ, फेस बरा. वास खमंग, वर लिंबाची साल. आधी गोडसर, मागून कडवट, थोडा वेळ रेंगाळते. मध्यम भरदार.’ बिअर मराठीत स्त्रीलिंगी आहे, तिच्यामागोमाग एलही स्त्रीलिंगीच धरा. फक्त पहिल्यांदा लिहिताना ‘तांबडी एल बिअर’ असं पूर्ण लिहा. नुसतं ‘तांबडी एल’ वाचून कोणाला टी-शर्टचा साइझ वाटायचा.