दवाखान्यांची कार्यक्षमता मोजायला निघालीस तर
अगं, सॉफ्टवेअर नंतर उघड. आधी गोवंडीतल्या एखाद्या पालिका दवाखान्यात चार सकाळी केसपेपरच्या खिडकीशी बस. डॉक्टर, नर्स, औषधांचा खर्च हे आत जाणारं. ओपीडी, लसीकरण, गरोदर मातांच्या तपासण्या हे बाहेर येणारं. चार्न्स, कूपर आणि ऱ्होड्स यांची १९७८ची डीईए (डेटा एन्व्हेलपमेंट अ‍ॅनालिसिस) पद्धत, म्हणजे आत काय गेलं आणि बाहेर काय आलं यावरून कार्यक्षमता मोजणारी, प्रत्येक केंद्र त्याच यादीतल्या सर्वोत्तम केंद्रांशी ताडते, म्हणून १ हा सर्वोच्च गुण मिळाला तरी केंद्र परिपूर्ण नव्हे. केंद्रं फार थोडी घेतलीस तर जवळजवळ सगळीच कार्यक्षम दिसतील. आणि टीबीच्या रुग्णाला पंधरा मिनिटं समजावणारी नर्स आकड्यांत मागे पडते, हे मला फार सलतं. म्हणून बाहेर येणाऱ्यात उपचार पूर्ण केलेले रुग्णही धरच. पावसाळ्यात तापाची गर्दी वाढते. रजिस्टर पूर्ण वर्षाचं माग.