खडबडीत फ्लाय लाइनला १३० डॉलर मोजायचे का?

प्रश्न : काका नमस्कार. मी डेन्व्हरला असतो, तीन वर्षं झाली फ्लाय फिशिंग करतोय, बहुतेक शनिवारी साउथ प्लॅट नदीवर, डेकर्सला नाहीतर चीझमन कॅन्यनमध्ये. रॉड ९ फुटी, ५ वेट, म्हणजे ५ नंबरच्या वजनाच्या लाइनचा. जुन्या लाइनला भेगा पडल्यात म्हणून नवीन बघायला गेलो तर दुकानातल्या मुलाने टेक्स्चरवाली, म्हणजे खडबडीत, दाखवली, १३० डॉलर, म्हणे लांब जाते, जास्त तरंगते. बाजूलाच गुळगुळीत लाइन ७० ला होती. बोटाने चोळून बघितली, फरक कळतो, पण ६० डॉलरचा फरक आहे का ते कळेना. बायको म्हणाली दोरीला एवढे पैसे? घेऊ का?

उत्तर : बायकोचा प्रश्न अगदी रास्त आहे, पण आधी त्या ‘दोरी’ शब्दापाशी थांबू. आपल्याकडे गळाला शिसं बांधून फेकतात, शिसं पुढे उडतं आणि दोर त्याच्या मागे ओढला जातो. फ्लाय फिशिंगमध्ये उलटं आहे, २२ नंबरचा आरएस-टू, म्हणजे गळावर बांधलेला इवलासा नकली किडा, तळहातावर ठेव, आहे की नाही तेही जाणवत नाही, तो पुढे जातो तो फक्त लाइनच्या वजनावर. म्हणजे इथे दोरी हेच शिसं. म्हणून लाइनवर विचार करून पैसे घालणं मला पटतं, आणि लोक ६०० चा रॉड घेतात अन् त्यावर मिळेल ती स्वस्त लाइन चढवतात ते बघून खरंच वाईट वाटतं.

आता टेक्स्चरचं. लाइनच्या आत गाभा असतो, थंड पाण्याच्या लाइनमध्ये बहुतेक विणलेल्या नायलॉनचा, वरून प्लास्टिकचं कोटिंग, बऱ्याच कंपन्यांचं पीव्हीसी, वेल्सच्या एअरफ्लोचं पॉलियुरेथेन. तरंगावी म्हणून त्या कोटिंगमध्ये काचेचे पोकळ गोळे मिसळतात, पिठासारखे बारीक. त्याआधी रेशमाच्या लाइन होत्या, दिवसभर मासे धरून घरी आलं की रीलवरून सगळी काढून वाळत घालायची, ग्रीस चोळायचं, नाहीतर दुसऱ्या दिवशी बुडणार. १९५० च्या दशकात पीव्हीसी आलं आणि तो सगळा व्याप संपला. त्यानंतर कितीतरी वर्षं सगळ्यांची धडपड एकच, लाइन अजून गुळगुळीत कशी करायची. २००७ च्या सुमारास सायंटिफिक अँगलर्सने बरोबर उलटं केलं. ती मिशिगनची कंपनी तेव्हा थ्रीएमच्या मालकीची होती, थ्रीएमकडे पृष्ठभागावर अतिबारीक नक्षी उठवायचं तंत्र होतं, ते लाइनवर वापरलं आणि शार्कस्किन नावाने विकायला काढली, १०० डॉलरच्या आसपास, त्या काळात ही किंमत ऐकून माणसं डबा परत ठेवायची. एअरफ्लोची वाट वेगळी, त्यांच्या रिज लाइनवर खवले नाहीत तर लांबीला धरून बारीक कंगोरे असतात.

हे खडबडीतपण काम कसं करतं ते समजायचं तर अळूचं पान आठव. पान हाताला मऊ लागतं, पण त्यावर डोळ्यांना न दिसणारे उंचवटे असतात आणि त्यावर मेण, त्यामुळे थेंब फक्त टोकांवर बसतो, खाली हवा अडकून राहते आणि पाणी घरंगळून जातं. टेक्स्चर लाइनचं तत्त्व तेच. पाणी कमी चिकटतं, लाइन पाण्यात रुतून न बसता वर राहते, आणि परत उचलताना पाणी फाडत येत नाही, अलगद सुटते, मेंड करताना, म्हणजे पाण्यावर पडलेली लाइन उचलून तिची जागा बदलताना, तर हे फारच छान जाणवतं. दुसरं म्हणजे रॉडच्या कड्यांमधून जाताना लाइनचं पूर्ण अंग टेकत नाही, फक्त उंचवटे टेकतात, म्हणून घासणं कमी. दुकानात गोल्फच्या चेंडूची उपमा देतात ती सोडून दे, चेंडूची गंमत हवेत आहे, लाइनची मुख्य कमाई कड्यांमध्ये आणि पाण्यावर आहे.

तर ही जाहिरातबाजी नाही, फरक खरा आहे. मी एकाच टेपरच्या, म्हणजे जाडीचा उतार सारखा असलेल्या, दोन लाइन, एक गुळगुळीत एक टेक्स्चर, एकाच रॉडवर आलटून पालटून पार्कातल्या गवतावर फेकून बघितल्यात. पूर्ण ताकदीच्या कास्टला टेक्स्चरवाली पुढे जाते, दीड-दोन पावलं. पण ‘पूर्ण ताकदीच्या’ हे शब्द महत्त्वाचे, कारण हा फायदा मिळतो तो लाइन शूट करताना, म्हणजे पायाशी सोडलेली जास्तीची लाइन शेवटच्या फेकीत कड्यांमधून सुसाट निघते तेव्हा. आणि तू चीझमनमध्ये काय करतोस? इंडिकेटर, म्हणजे तरंगता गोळा, लावून निंफ, म्हणजे बुडणारा नकली किडा, टाकतोस, दगडाआडून, मासा समोर १५-२० फुटांवर, तुझ्या ९ फुटी लीडरच्या, म्हणजे लाइनच्या टोकाला बांधलेल्या बारीक दोऱ्याच्या, मागे रॉडबाहेर फार तर १५ फूट लाइन असते. वेट फॉरवर्ड, म्हणजे पुढच्या बाजूला जड असलेल्या, लाइनचा जाड भाग, ज्याला हेड म्हणतात, तोच ३० ते ४० फुटांचा असतो, तो सुद्धा तुझा पूर्ण बाहेर येत नाही. शूट करायचा प्रश्नच नाही. म्हणजे ६० डॉलर जास्त देऊन जी गोष्ट विकत घेणार ती शनिवारभर रीलवरच गुंडाळलेली राहणार.

हां, मेंडचा फायदा तुला थोडा मिळेल. पण तो गुळगुळीत लाइन स्वच्छ ठेवली तरी बराचसा मिळतो, आणि खरं सांगू, दहातले आठ जण लाइन कधी पुसतच नाहीत. लाइन बुडायला लागली, कड्यांमध्ये अडखळायला लागली की नवीन घेतात, आणि नवीन लाइन घेतल्यावर जो आनंद होतो तो निम्मा स्वच्छतेचा असतो. कोमट पाण्यात भांड्याच्या साबणाचे दोन थेंब, लाइन त्यात सोडायची, मऊ कापडाच्या चिमटीतून ओढून काढायची, साध्या पाण्यातून काढायची, वाळली की लाइनचं ड्रेसिंग, झालं. कापडावर काळी रेघ येते ती बघ एकदा. टेक्स्चरवाल्या लाइनला तर हे जास्तच करावं लागतं कारण शेवाळाचा बुळबुळीत थर खाचांमध्ये बसतो आणि खाचा भरल्या की १३० डॉलरची लाइन ७० वालीसारखीच वागते. डासांचं डीट लावलेल्या हाताने लाइनला हात लावू नकोस, डीट प्लास्टिक विरघळवतं, आणि उन्हात तापलेल्या गाडीत रील ठेवू नकोस. तुझ्या जुन्या लाइनच्या भेगा यातल्याच कशाने तरी आल्या असणार.

टेक्स्चर घ्यावी ती कोणी? जो तलावावर जातो त्याने. साउथ पार्कमध्ये स्पिनी माउंटन रिझर्व्हॉयर आहे, अँटेरो आहे, साडेआठ हजार फुटांच्या वर, उघडं माळरान, दुपारी वारा असा सुटतो की टोपी धरावी का रॉड असं होतं. तिथे ५०-६० फूट फेकायचं, ओढून घ्यायचं, परत फेकायचं, दिवसभर. तिथे प्रत्येक फेकीत लाइन शूट होते आणि तिथे मी स्वतः टेक्स्चरच वापरतो, संध्याकाळी खांदा कमी दुखतो, मला तेवढ्यासाठी सुद्धा जास्तीचे पैसे देणं परवडतं. पुढेमागे तू तिकडे वळलास तर ६ वेटच्या रॉडवर जरूर घे.

अजून एक गोष्ट, आणि ही टेक्स्चरपेक्षा मोठी आहे. डब्यावर ५ लिहिलं म्हणजे ५ असेलच असं नाही. ठरलेलं माप असं की पहिल्या ३० फुटांचं वजन ५ वेटला १४० ग्रेन, म्हणजे साधारण ९ ग्रॅम, आणि ६ वेटला १६० ग्रेन. पण आजचे रॉड कडक असतात म्हणून बऱ्याच लाइन मुद्दाम जड बनवतात, सायंटिफिक अँगलर्सची एमपीएक्स उघडपणे अर्ध्या मापाने जड असते. हे वाईट नाही, कडक रॉडवर जवळची कास्ट अशा लाइनने सोपी होते, तुझ्या कामाला तर चांगलीच. पण मऊ रॉडवर चढवलीस तर रॉड दमतो. डबा उलटून ग्रेनचा आकडा वाच, आणि चांगल्या फ्लाय शॉपमध्ये लाइन रीलवर चढवून ठेवलेली असते, आपला रॉड घेऊन जायचं आणि बाहेर गवतावर फेकू का असं विचारायचं, लाजायचं नाही. चुकीच्या वजनाची टेक्स्चर लाइन घेऊन वर्षभर हात बिघडवलेली माणसं मी बघितलीत.

तेव्हा ७० वाली घे, रॉडला जुळणारी. उरलेल्या ६० मध्ये ६एक्सचे दोन टिपेट स्पूल, म्हणजे लीडरच्या टोकाला जोडायच्या बारीक दोऱ्याची रिळं, घे आणि राहिलेले पैसे कुठल्यातरी चांगल्या माणसाकडे एखाद्या कास्टिंग क्लासला घाल.

प्रश्न : माझ्या नवऱ्याने वाढदिवसाला टेक्स्चर फ्लाय लाइन दिली, आम्ही याकिमा नदीवर जातो, वॉशिंग्टनमध्ये. दोन गोष्टी होतायत. कास्ट करताना झिर्रर्र असा आवाज येतो, मासे पळतात का त्याने? आणि दोन तासांत उजव्या हाताच्या पहिल्या बोटाला चीर पडते. परत करू का? तो हिरमुसेल.

उत्तर : ताई, परत करू नका. आवाज कड्यांवर खवले घासल्याचा आहे, हवेतला आवाज पाण्यात फारसा शिरतच नाही, पृष्ठभागावरूनच परत फिरतो, ट्राउट पळते ती तुमच्या सावलीने आणि तळातल्या दगडांवर बूट आपटल्याने. पहिल्यावहिल्या टेक्स्चर लाइन याहून कर्कश असायच्या, पुढे उथळ खाचांच्या निघाल्या तेव्हा आवाज बराच खाली आला. आठवड्याभरात तुमचा कान सरावेल. मला तर तो आता आवडतो, आवाज सलग आला की हॉल, म्हणजे फेकताना दुसऱ्या हाताने लाइनला दिलेली ओढ, बरोबर बसला असं डोळे मिटून कळतं.

बोटाचं मात्र मनावर घ्या. रॉडच्या हाताचं पहिलं बोट लाइनवर दाबून आपण दुसऱ्या हाताने ओढतो, थंड पाण्याने कातडी भिजून मऊ झालेली, त्यावर तीच बारीक करवत दिवसभर त्याच जागी. माझ्या बोटाला एका ऑक्टोबरात अशी चीर गेली होती की पुढचे आठ दिवस कीबोर्डवर ते बोट टेकत नव्हतं, आणि त्यावर पुन्हा नदीचं पाणी लागलं की झोंबतं. लायक्राची बोटटोपी मिळते दुकानात, ती घाला, नाहीतर घरातली साधी कापडी चिकटपट्टी सांध्याच्या जरा पुढे दोन वेढे, घट्ट नाही. आधीच चीर पडली असेल तर भरेपर्यंत गुळगुळीत लाइन लावा. आणि नवऱ्याला बोट दाखवा, लपवू नका, बोटटोपी तोच आणून देईल.

प्रश्न : मी पुण्याचा. एप्रिलमध्ये आम्ही तिघं उत्तराखंडात रामगंगेवर मारचुलाकडे महसीरसाठी जातोय, परवाना वगैरे सगळं रीतसर. रॉड ८ वेट. माझा मेहुणा अमेरिकेतून येतोय, त्याला टेक्स्चर लाइन आणायला सांगू का?

उत्तर : लाइन आणायला सांगा, पण टेक्स्चरच्या आधी त्याला तापमान सांगा. ट्राउटच्या लाइन थंड पाण्यासाठी मऊ बनवतात, एप्रिलच्या दुपारी मारचुलाला त्या लिबलिबीत होतात, हाताला चिकट लागतात आणि कड्यांच्या मध्ये लोंबतात, मग टेक्स्चर असो नसो लाइन पुढे जात नाही. उलट समुद्रावरच्या अगदी गरम देशांच्या लाइन कडक असतात, पहाटे नदीवर त्या स्प्रिंगसारखी वेटोळी धरतात. रामगंगा बर्फाची नदी नाही, झरे आणि पावसावरची आहे, त्यामुळे पाणी हिमनदीसारखं गार नसतं, पण पहाट आणि दुपार यात फरक पुष्कळ. मेहुण्याला डब्यावरचा तापमानाचा पट्टा वाचायला सांगा, थंडीपासून उन्हापर्यंत मधल्या हवामानाची म्हणून लिहिलेली ८ वेटची लाइन आणायला सांगा.

ती गुळगुळीतच असू दे. महसीरला स्ट्रीमर, म्हणजे छोट्या माशासारखा दिसणारा नकली चारा, टाकून दिवसभर ओढत बसायचं असतं, वरच्या ताईंचं बोट आठवा, शिवाय तिथे लाइन सतत वाळूत आणि दगडांवर पडते, खाचांमध्ये वाळू बसली की कड्यांना कानस लावल्यासारखं होतं. सोनेरी महसीर धोक्यात आलेला मासा आहे, तेव्हा काट्याचा बार्ब, म्हणजे टोकामागचा उलटा दात, पक्कडीने दाबून टाका, हात ओले करून धरा, फोटोसाठी पाण्याबाहेर लांबवू नका. आणि रीलवर बॅकिंग, म्हणजे लाइनच्या मागे जोडलेला जादा बारीक दोर, किमान १५० यार्ड भरा, महसीर पहिल्या धावेत उताराला सुटला की रंगीत लाइन कुठल्या कुठे गेलेली असते आणि तुमच्या हातात फक्त बॅकिंग राहतं.