कंपनी नवी आहे, ७० टक्के ॲडव्हान्स मागते. उद्या बंद पडली तर पैसे परत मिळतात का?

तुम्ही चाळीसगावहून विचारलंय की दोन वर्षांपूर्वी सुरू झालेली कंपनी घरावर ३ किलोवॅटचं सोलर १ लाख ८० हजारांत बसवून देतेय, ७० टक्के आधी मागतेय आणि वर म्हणतेय, 'आम्ही प्रायव्हेट लिमिटेड आहोत, घाबरू नका.' म्हणजे १ लाख २६ हजार आधीच द्यायचे.

कायद्याने ते परत मिळायला हवेत. हातात क्वचित पडतात. हे मी गिऱ्हाईक म्हणून नाही, काउंटरच्या आतल्या बाजूने पाहिलंय.

जळगावात मी हिशेब लिहायचं काम करतो. काही वर्षांपूर्वी एका स्टार्टअपचं टॅली माझ्याकडे होतं. मिरची आणि केळीचे काप वाळवायचे सोलर ड्रायर बनवायचे. पोरं इंजिनियर, कष्टाळू, लबाड अजिबात नव्हती. हे आधी सांगतो, कारण पैसे बुडवणारा माणूस चेहऱ्यावरून ओळखू येतो असं आपल्याला उगाच वाटतं. बुकिंगला ड्रायरच्या किमतीच्या ४० टक्के घ्यायचे, म्हणजे ७२ हजार. पहिली चार-पाच मशिनं वेळेवर गेली. मग एका मोठ्या ऑर्डरचे पैसे अडकले आणि नवव्याच्या ॲडव्हान्समधून सहाव्याचं मशीन पूर्ण व्हायला लागलं. सोमवारी रावेरच्या माणसाचे ७२ हजार आले की मंगळवारी त्यातून बँकेचा हप्ता, बुधवारी वेल्डरची मजुरी आणि लाईटबिल. टॅलीत ती रक्कम 'ॲडव्हान्स फ्रॉम कस्टमर' म्हणून देण्याच्या बाजूला शाबूत दिसायची. बँकेत नसायची.

शेडमध्ये तयार ड्रायर एकच उभा होता. दोंडाईच्याचे एक बाबा बघायला आले तेव्हा त्याच्या पत्र्यावर मार्करने 'दोंडाईचा' लिहिलं. पुढच्या आठवड्यात रावेरचे आले, तर थिनरने पुसून 'रावेर'. नीट पुसलं नव्हतं, खालून 'दों' दिसत होता. बाबा दर चार दिवसांनी फोन करायचे, 'मन्हं मशीन कव्हय यी रे भाऊ?' मी 'पुढच्या आठवड्यात' म्हणायचो. मला माहीत होतं, तरी म्हणायचो. शेवटी तो ड्रायर बँकेने उचलला, कारण सगळा माल बँकेकडे तारण होता.

म्हणून 'तुमचे पॅनल आमच्या गोडाऊनमध्ये येऊन पडलेत' या वाक्यावर जाऊ नका. माल तुमच्यासाठी म्हणून ठरून वेगळा निघत नाही तोवर १९३० च्या माल विक्री कायद्याप्रमाणेही त्याची मालकी तुमच्याकडे येत नाही.

आता प्रायव्हेट लिमिटेडचं. ही 'लिमिट' मालकांच्या सोयीची आहे, तुमच्या नाही. एकट्याच्या मालकीचं दुकान बुडालं तर मालकाच्या घरादारापर्यंत जाता येतं. कंपनी बुडाली की संचालकांचा बंगला सहसा सुरक्षित. आणि कंपनी काढायला किमान १ लाख भांडवल लागायचं ती अटही २०१५ मध्ये गेली. कंपनी व्यवहार मंत्रालयाच्या साइटवर नाव टाका. भरणा भांडवल किती, मालावर बँकेचा बोजा आहे का, शेवटचा ताळेबंद कधीचा, हे फुकट दिसतं. जीएसटी नंबर किंवा 'स्टार्टअप इंडिया'ची मान्यता म्हणजे हमी नव्हे.

प्रकरण रीतसर दिवाळखोरीत गेलंच, तर २०१६ च्या कायद्याच्या कलम ५३ मध्ये रांग ठरलेली आहे. आधी प्रक्रियेचा खर्च, मग तारणवाली बँक आणि कामगारांचे २४ महिन्यांचे पगार, मग बाकी नोकरदार, मग विनातारण कर्ज देणारे, मग सरकार, त्यानंतर तुम्ही. घर बुक करणाऱ्यांना २०१८ च्या दुरुस्तीने बँकेसारखं वित्तीय धनकोचं स्थान मिळालं, सोलर बुक करणाऱ्याला नाही. कंपनीला दिवाळखोरीत न्यायचा अर्ज स्वतः करायला १ कोटीचं येणं लागतं, तेव्हा तो विषयच सोडा. पण छोट्या कंपन्या बहुधा तिथवर जातच नाहीत. शटर खाली, फोन बंद, बोर्ड तेवढा लटकत राहतो.

खरा उपयोग होतो तो ग्राहक आयोगाचा. ५ लाखांपर्यंत फी नाही, दोन वर्षांची मुदत, आणि २०१९ च्या कायद्यामुळे तक्रार तुमच्या राहत्या जिल्ह्यात करता येते. कंपनी पुण्याची असली तरी तुम्ही जळगावला. त्याआधी १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर फोन करून बघा, चालू कंपनी असेल तर कधीकधी तेवढ्यावर हलते. पोलीस मात्र 'हा दिवाणी मामला' म्हणतील, आणि बऱ्याचदा ते बरोबरही असतं. धंदा बुडणं म्हणजे फसवणूक नव्हे, सुरुवातीपासून नियत खोटी होती हे दाखवावं लागतं.

कंपनी नवी असणं हा काही दोष नाही. विप्रो १९४५ साली आपल्या अमळनेरलाच वनस्पती तुपावर सुरू झाली आणि शेअर धरून बसलेल्यांचं सोनं झालं. पण ते भागीदार होते. तुम्ही ७० टक्के देऊन जोखीम भागीदाराची उचलता आणि वाट्याला येतात फक्त पॅनल. शेताचा विसार देताना आपण दोन साक्षीदार बसवून विसार पावती करतो, आणि इथे क्यूआर कोड स्कॅन करून सव्वा लाख सोडायचे!

मी तुमच्या जागी असतो तर १० टक्क्यांवर बुकिंग मागितलं असतं. पॅनल आणि इन्व्हर्टर तुमच्या ओट्यावर उतरून, बिलावरचे सिरियल नंबर जुळवून झाले की मालाचे पैसे. शेवटचे १५-२० टक्के नेट मीटर (घेतलेली आणि परत दिलेली, दोन्ही वीज मोजणारं मीटर) बसल्यावर. कागदावर तारीख हवी: अमुक दिवसांत बसलं नाही तर पूर्ण रक्कम परत. कर्ज काढणार असाल तर बँक एकदम सगळे पैसे कंपनीला सोडणार का, ते आधी विचारा, कारण कंपनी पळाली तरी हप्ता तुमचाच. पीएम सूर्यघरचं ३ किलोवॅटचं अनुदान ७८ हजार, ते सगळं चालू झाल्यावर तुमच्या खात्यात येतं. 'अनुदानासाठी आधी भरा' असं म्हणाले तर ते खोटं.

१० टक्क्यांना काय म्हणतात ते इथेच खाली लिहा. कोटेशन टाकता आलं तर तेही टाका, नाव-नंबर झाकून. बघतो.